सातबाऱ्यावर रमीची जाहिरात

माढ्यात सेतू केंद्रावर सातबारा काढताना पडद्यावर रमीची जाहिरात उगवली, तर संशय ॲडवेअरवर, म्हणजे जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. फुकटच्या सॉफ्टवेअरच्या आडून ते आत शिरतं. २०१७ मध्ये ‘फायरबॉल’ या ॲडवेअरने जगभर २५ कोटी संगणक ग्रासल्याचा, त्यांतले अडीच कोटींवर भारतातले असल्याचा ‘चेक पॉइंट’ या सायबर सुरक्षा कंपनीचा अंदाज होता, पण मायक्रोसॉफ्टला तो फुगवलेला वाटला.

आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते बघा. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं. मग अनोळखी एक्स्टेन्शन, प्रोग्रॅम काढून अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा. सरकारी सायबर स्वच्छता केंद्राची साधनं मोफत आहेत. ‘व्हायरस सापडला, फोन करा’ म्हणणारी खिडकी सरळ बंद करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.