धावण्याची ढब, पातळ तळाचे बूट आणि दुखापती : दौंड तालुक्यातील भरतीच्छुक युवकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव व परिसरात धावणे हा बहुतांशी छंद नसून उपजीविकेचा प्रश्न आहे. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस बलासाठी, ज्याचे दोन गट दौंड येथेच आहेत, हे अंतर ५ किलोमीटर असते. भरतीची जाहिरात निघाली की सराव एकाएकी वाढतो आणि चाचणीच्या तोंडावर नडगी दुखू लागते. अशा वेळी 'बूट चांगले नव्हते' किंवा 'अनवाणीच धावायला हवे होते' अशी दोन टोकाची मते ऐकू येतात. प्रस्तुत लेखात या मतांची शास्त्रीय बाजू तपासली आहे.

पाऊल पडण्याची क्रिया :

हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केनिया व अमेरिकेतील धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाच आधी टेकल्यास पहिल्या सुमारे ५० मिलिसेकंदांत शरीराच्या वजनाच्या दीड ते तीनपट आघात बसतो; चवडा आधी टेकल्यास हा आकस्मिक आघात जवळजवळ नाहीसा होतो. सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात, असेही त्यांना आढळले. मात्र भार नष्ट होत नाही, तो पोटरी व टाचेमागील स्नायुबंधाकडे सरकतो. शिवाय हा नियम सार्वत्रिक नाही. उत्तर केनियातील दासानच समाजातील अनवाणी लोक सोयीच्या गतीने धावताना बहुसंख्येने टाचच आधी टेकवतात, असे २०१३ मधील अभ्यासात दिसले.

आपल्याकडे अनवाणी धावण्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण शेजारच्या बारामतीचे आहे. साठी ओलांडलेल्या लता भगवान करे यांनी पतीच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी धावून तेथील शर्यत जिंकली. त्यांच्यावरील चित्रपटाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखलही घेतली गेली. परंतु हे उदाहरण जिद्दीचे आहे. दुखापतींविषयी त्यावरून अनुमान काढता येत नाही. भारतातील २३०० मुलांच्या पाऊलठशांचा १९९२ मधील अभ्यास याहून उपयुक्त ठरतो. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. म्हणजे पाऊल लहानपणापासून घडते, आठवड्याभरात नव्हे.

बदलाचा धोका :

नेमकी येथेच चूक होते. २०१३ मध्ये अमेरिकेत ३६ अनुभवी धावपटूंवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. पाच बोटांच्या पातळ बुटांकडे हळूहळू वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढली. हे बूट बनविणाऱ्या व्हायब्रम कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांवरील खटल्यात २०१४ मध्ये, दोष मान्य न करता, ३७.५ लाख डॉलरची तडजोड स्वीकारली. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. हाडाला अधिक अवधी लागतो. एरवी चप्पल घालणारा युवक अचानक डांबरी रस्त्यावर अनवाणी धावू लागला, किंवा वर्षभर बसून असलेला युवक जाड बूट घालून रोज पाच किलोमीटर धावू लागला, तरी हाडाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच.

ढबीत करता येण्याजोगा सर्वांत सोपा बदल पावलांच्या संख्येचा आहे. गती तीच ठेवून पावले ५ ते १० टक्क्यांनी वाढविल्यास गुडघा व खुब्यावरील भार घटतो, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. अर्धा मिनिट उजवे पाऊल मोजून चारने गुणावे. १६० आल्यास १६८ चे लक्ष्य ठेवावे. पाऊल आखूड पडते आणि शरीराच्या जवळ टेकते. यास खर्च शून्य असल्याने शारीरिक शिक्षण संचालकांना तो महाविद्यालयीन मैदानावर सहज शिकविता येईल. पातळ तळाचे बूट वापरायचेच असल्यास आरंभी सरावातील शेवटची काही मिनिटेच, तीही काटे-खडे नसलेल्या मऊ मातीवर, द्यावीत. नडगीवर बोट दाबताच एकाच ठिकाणी तीव्र वेदना होत असेल, तर हाडाला तडा गेल्याची शंका घेऊन धावणे त्याच दिवशी थांबवावे व अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे, मग चाचणी कितीही जवळ आलेली असो.