निखाऱ्यावरील स्वयंपाकासाठी बिडाच्या भांड्यांची निवड

भाताची कापणी व झोडणी आटोपली, खळी मोकळी झाली, की डहाणू व तलासरी तालुक्यांतील गावांतून उघड्यावरील स्वयंपाकाचे दिवस सुरू होतात. वालाच्या शेंगा भरतात, कंद निघतात आणि मडक्यात शेंगा, कंद व मसाला भरून शिजविलेल्या उकडहंडीचा वास अंगणात दरवळू लागतो. तांदळाची व नाचणीची भाकरी, भाजलेले बोंबील, तव्यावरील मासळी हे पदार्थ आता केवळ घरापुरते राहिलेले नाहीत. बोर्डी येथील चिकू महोत्सवासारख्या जत्रा, आठवड्याचे बाजार व समुद्रकिनाऱ्यावर येणारे प्रवासी यांच्यामुळे महिला बचत गटांना अशा पदार्थांच्या विक्रीतून चार पैसे मिळू लागले आहेत. सरावलीसारख्या गावातील एखाद्या गटाने असा उद्योग हाती घ्यावयाचे ठरविले, तर त्याचा पहिला मोठा खर्च शेगडी व तवा यांवरच होतो. हा खर्च चुकीच्या भांड्यावर झाल्यास पहिल्या हंगामातच भांडवल वाया जाते. म्हणून निखाऱ्यावर वापरावयाचे भांडे कसे पारखून घ्यावे, ते कसे तयार करावे व कसे सांभाळावे, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी कुटुंबांना असणे अगत्याचे आहे.

बीड म्हणजे काय ?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. यात कर्बाचे प्रमाण शेकडा दोन ते चार इतके असते. कर्बामुळे हे लोखंड शुद्ध लोखंडापेक्षा कमी उष्णतेवर, म्हणजे सुमारे 1,150 ते 1,200 अंश सेंटिग्रेडला वितळते व साच्यात सहज ओतता येते. त्याच कर्बामुळे ते कडक पण ठिसूळ बनते. लोहार घडीव लोखंडाला ठोकून आकार देऊ शकतो. बिडाला ठोकले तर ते तडकते.

शेतकऱ्यांना हा धातू नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत प्रचलित होती व पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर घरोघर गेला. आज कोल्हापूरच्या ओतशाळांतून यंत्रांचे नाना तऱ्हेचे बिडाचे भाग तयार होतात. कोकणात आंबोळी व घावन यांसाठी बिडाचा तवा पिढ्यान् पिढ्या वापरात आहे.

निखाऱ्यावर बीडच का ?

कोळशाच्या निखाऱ्यांची उष्णता प्रखर असते व ती गॅसप्रमाणे बटण फिरवून कमी करता येत नाही. अशा विस्तवावर अॅल्युमिनियमचे पातळ भांडे लवकर वाकडे होते. हा धातू 660 अंशांनाच वितळतो. न चिकटणाऱ्या लेपाचे तवे तर निखाऱ्यावर मुळीच ठेवू नयेत. तो लेप 260 अंशांच्या वर खराब होऊ लागतो व अधिक तापल्यास त्यातून अपायकारक वाफा निघतात. बिडाच्या तव्याला असा कोणताही धोका नाही.

दुसरा गुण उष्णता साठविण्याचा. अडीच किलो वजनाच्या तव्यात सातशे ग्रॅमच्या पत्र्याच्या तव्यापेक्षा साडेतीनपट उष्णता साठते. त्यामुळे ओली भाकरी किंवा थंड मासळी टाकताच तवा एकदम निवत नाही, आणि निखारे थोडे मंदावले तरी भाजणी चालू राहते. एकामागून एक पन्नास भाकऱ्या करणाऱ्या गटास या गुणाचे मोल अधिक आहे.

तिसरा फायदा धुराबाबतचा. मासळी किंवा मांस जाळीवर थेट भाजले असता चरबी निखाऱ्यावर गळून धूर होतो व त्या धुरातील अपायकारक द्रव्ये अन्नावर बसतात. तव्यावर भाजल्यास चरबी खाली पडत नाही.

तथापि बिडाचा एक दोषही लक्षात ठेवावा. ते उष्णता साठविते चांगली, परंतु पसरविते सावकाश. अॅल्युमिनियमच्या मानाने त्याची उष्णता वाहण्याची शक्ती सुमारे एक चतुर्थांश आहे. निखारे मध्यभागी एकाच ढिगात असतील, तर तवा मध्ये लाल व कडेला गार राहतो आणि भाकरी मध्ये करपून काठाला कच्ची राहते. हा दोष तव्याचा नसून निखारे मांडण्याचा होय.

खरेदीच्या वेळी करावयाची परीक्षा

1. वजन. बाजारात काळ्या रंगाचा प्रत्येक तवा बिडाचा म्हणून विकला जाण्याचा संभव असतो. 28 सेंटिमीटर व्यासाचा व 5 मिलिमीटर जाडीचा सपाट बिडाचा तवा, कान सोडून, सुमारे सव्वादोन किलो भरतो. त्याच व्यासाचा 2 मिलिमीटर पत्र्याचा तवा जेमतेम एक किलो भरतो. खरेदीला जाताना पट्टी न्यावी व तवा काट्यावर ठेवून पाहावा.

2. चुंबक. चुंबक चिकटला नाही, तर भांडे अॅल्युमिनियमचे आहे असे समजावे. मात्र चुंबक पत्र्याच्या तव्यालाही चिकटतो. म्हणून वजन व चुंबक या दोन्ही परीक्षा एकत्र कराव्यात.

3. नाद. तवा एका बोटावर कानाने लोंबकळत धरून लाकडी काठीने हळूच ठोकावा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर तवा निर्दोष समजावा. बद्द आवाज आल्यास कोठे तरी तडा असण्याचा संभव आहे. असा तवा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

4. पृष्ठभाग. उजेडात धरून बारीक भोके, फुगे, रुतलेली वाळू व जाडीतील फरक पाहावा. किंचित खरबरीतपणा चालेल. तो वापराने कमी होतो. भोकांत मात्र ओल राहून गंज धरतो.

5. रंग. तेल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने तवा जोराने पुसावा. काळा थर निघत असेल व रंगासारखा वास येत असेल, तर त्यावर रोगण चढविलेले आहे. असा तवा टाळावा.

6. कान व मूठ. निखाऱ्यावर लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ टिकत नाही. तव्याबरोबर एकसंध ओतलेले दोन कान असलेले भांडे घ्यावे व ते सांडशीने किंवा जाड फडक्याने उचलावे.

7. आकार. भाकरीसाठी सपाट किंवा अल्प खोलगट, मासळीसाठी सुमारे दोन बोटे काठाचा, व भाजी परतण्यासाठी जाड बुडाची कढई घ्यावी. आरंभी तिन्ही भांडी घेण्याची घाई करू नये. काठाचा एक मोठा तवा पुष्कळ कामे भागवितो. घरातील वृद्ध स्त्रीला एकटीने उचलता येणार नाही इतके जड भांडे घरच्या वापरासाठी घेऊ नये.

शेतावर नेण्यासाठी भांडे हवे असल्यास बीड योग्य नाही. बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर आदळून ते फुटते. तेथे लोहाराकडील जाड पत्र्याचा तवा बरा. तो वाकला तरी ठोकून सरळ करता येतो.

नवा तवा तयार करणे

नवा तवा आणल्याबरोबर त्यावर भाकरी टाकू नये. प्रथम तो गरम पाणी व थोडा साबण यांनी घासून धुवावा, व लगेच मंद विस्तवावर ठेवून पूर्ण कोरडा करावा. नंतर करडईचे, जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल फडक्याने सर्व बाजूंस लावावे आणि जवळजवळ सर्व तेल पुसून काढावे. तेल जास्त राहिल्यास चिकट थर बनतो. आता तवा मध्यम निखाऱ्यावर, धूर येऊन तो थांबेपर्यंत, तापवावा व आपोआप निवू द्यावा. ही क्रिया चार-पाच वेळा करावी. तापलेल्या तेलाचे रूपांतर कठीण, काळ्या, न धुपणाऱ्या थरात होते. हा थर लोखंडाचे गंजापासून रक्षण करतो व अन्न चिकटू देत नाही. पहिले काही दिवस कांदा परतणे, मासळी तळणे अशी तेलाची कामे त्यावर करावीत; भाकरी त्यानंतर.

निखाऱ्याची मांडणी

नारळाच्या करवंटीचा कोळसा या भागास सोयीचा आहे. तो चांगली आंच देतो व त्याचा धूर कमी असतो. चिकूच्या वाडीतील छाटणीच्या वाळलेल्या फांद्या, सुरूची लाकडे हीही उपयोगी पडतात. रानातील उभे झाड कोळशासाठी तोडू नये. साध्या भट्टीत शंभर किलो लाकडापासून वीस ते पंचवीस किलोच कोळसा मिळतो, व लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच वाया जाते. तेव्हा रोजच्या स्वयंपाकासाठी गॅस, आणि कोळसा उघड्यावरील प्रसंगापुरता, हेच धोरण हितावह आहे.

कोळशावर राखेचा करडा थर दिसू लागेपर्यंत तवा चढवू नये. निखारे तव्याच्या बुडाएवढ्या जागेत सारखे पसरावेत. मध्ये किंचित विरळ व कडेला दाट ठेवावेत. तवा निखाऱ्यांवर न टेकविता तीन दगडांवर किंवा लोखंडी तिवईवर तीन-चार बोटे उंच ठेवावा. शेगडीच्या एका बाजूस निखारे थोडे ठेवले, म्हणजे भांडे तिकडे सरकवून आंच कमी करता येते. तवा आठ-दहा मिनिटे सावकाश तापू द्यावा. शिंपडलेला पाण्याचा थेंब नाचू लागला, की तो तयार झाला असे समजावे.

दोन गोष्टींत हयगय करू नये. पेटलेल्या कोळशातून रंग व वास नसलेला विषारी वायू निघतो. म्हणून कोळशाची शेगडी थंडीतही बंद खोलीत आणू नये. तसेच भाताच्या पेंढ्याच्या उडवीपासून व खळ्यापासून शेगडी दूर, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी. काम संपल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून ते ढवळावेत. पूर्ण निवलेली राख खतखड्यात घालावी; तिच्यात पालाश असते.

आहार व आरोग्य

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 54, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी शेकडा 69 रक्तक्षयी होती. लोखंडी भांड्यात शिजविलेल्या अन्नात काही लोह उतरते. इथिओपियात अॅल्युमिनियमच्या व लोखंडाच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. लोखंडी भांडी वापरणाऱ्या घरांतील मुलांत रक्तक्षय कमी आढळला.

परंतु यातून भलता अर्थ काढू नये. लोह उतरते ते मुख्यतः ओल्या, आंबट व अधिक वेळ शिजणाऱ्या पदार्थांत. कोरड्या भाकरीत ते फारसे येत नाही. म्हणून केवळ बिडाच्या तव्यावरील भाकरी खाऊन रक्त वाढेल असे सांगणे बरोबर नाही. पालेभाजी, डाळ किंवा आमटी बिडाच्या कढईत शिजविल्यास लाभ संभवतो. चिंच-कोकमाचा पदार्थ शिजताच स्टीलच्या भांड्यात काढावा. बिडात तसाच ठेवल्यास तो काळा पडतो, धातूची चव धरतो व तव्यावरील थरही खातो. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या भांड्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

आदिवासी भागात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. सिकलसेल हा रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. तो आनुवंशिक असतो. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह अधिक साठण्याचा धोका असतो. अशा रुग्णांच्या घरी आशा कार्यकर्तीमार्फत डॉक्टरांचा सल्ला घेऊनच लोखंडी भांड्याचा वापर वाढवावा. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आहे. तिच्यातील रक्ततपासणीचा लाभ प्रत्येक कुटुंबाने घ्यावा.

निगा

तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतल्यास तो तडकतो. भाकरीवरून पाण्याचा हात फिरविण्यास हरकत नाही. तव्यावर तांब्या रिकामा करू नये. काम झाल्यावर तवा कोमट असतानाच काथ्याने व कोमट पाण्याने घासावा. राखेने रोज घासण्याची सवय येथे सोडावी, कारण राखेच्या खाराने तेलाचा थर निघून जातो. धुतल्यावर विस्तवावर कोरडा करून तेलाचा पुसट हात द्यावा.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत व पावसाळ्यात गंजाचे भय अधिक. पावसाळ्यापूर्वी तवा तेल लावून, कागदात गुंडाळून, चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवावा. एकावर एक भांडी रचताना मध्ये कागद घालावा. गंज धरलाच तर विटेच्या तुकड्याने किंवा वाळूने घासून, धुऊन, पुन्हा तेलाचे थर द्यावेत. गंजलेला तवा टाकाऊ नसतो. तडकलेला मात्र टाकावाच लागतो.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाचा परिणाम अधिक होतो. गटाच्या बैठकीत पत्र्याचा एक व बिडाचा एक असे दोन तवे सारख्या निखाऱ्यांवर मांडून, एकाच पिठाच्या पाच-पाच भाकऱ्या करवून घ्याव्यात. कोणत्या तव्यावर पाचवी भाकरी पहिलीसारखीच फुगते, ते बायकांनी स्वतःच पाहावे. त्याच बैठकीत वजनाची, चुंबकाची व नादाची परीक्षा प्रत्येकीकडून करवून घ्यावी. गटाने एकदम पाच तवे घेण्याऐवजी एक घ्यावा, एक हंगाम वापरावा, हिशेब मांडावा व मगच पुढील खरेदी करावी. पारखून घेतलेला व नीट राखलेला बिडाचा तवा सासूकडून सुनेकडे जातो. एवढे टिकणारी वस्तू घेताना बाजारात अर्धा तास अधिक मोडला, तर तो वेळ कारणी लागला असेच म्हणावे.