पाथरीच्या कुलकर्ण्यांचा नातू आणि अहमदनगरची गादी

शाळेतून आलेलं पोर कधीतरी विचारतं, "अब्बा, आपण बाहेरून आलोत का?" अशा वेळी आपल्या घरात बहुतेक गप्प बसतात. आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचं एक उत्तर आहे, म्हणून ते आज मांडतो आहोत. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण ज्याच्या नावावरून हे गाव पाचशे वर्षं ओळखलं गेलं, तो मलिक अहमद कोण होता हे नगरच्या कितीतरी लोकांनाही ठाऊक नाही.

सुरुवात त्याच्या वडिलांपासून करावी लागते. इतिहासकार फरिश्ता स्वतः काही काळ नगरच्या दरबारात होता. त्याच्या सांगण्यानुसार मलिक अहमदचं घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं. पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातली. ही मंडळी पुढे विजयनगरच्या मुलखात गेली. तिथे भैरव नावाच्या ब्राह्मणाचा तिमाप्पा हा मुलगा बहमनी फौजेच्या हाती कैद होऊन सापडला. तो मुसलमान झाला, त्याचं नाव मलिक हसन पडलं, आणि त्याची तालीम शहजाद्याबरोबर झाली. त्याच्या नावापुढचं 'बहरी' हे भैरवचंच रूप, असंही सांगतात.

कैदी पोरगा चढत चढत तेलंगणचा सुभेदार झाला. पण इथे एक कडू गोष्ट लपवू नये. बिदरचा मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान 1481 मध्ये बनावट पत्राच्या कटात मारला गेला, त्या कटात मलिक हसनचा हात होता. वजिरी त्याला मिळाली खरी, पण पाच वर्षांतच बिदरला त्याचाही खून झाला.

मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरकडे होता. शिवनेरीच्या किल्लेदारांनी किल्ला द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने वेढा घालून तो घेतला. तिथे साठवलेला पाच वर्षांचा महसूल हाती लागला आणि तो त्याने फौजेत वाटून टाकला. पुढची सगळी चढती कमान या एका गोष्टीवर उभी आहे असं आम्हाला वाटतं. नंतर चावंड, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर घेतले. दंडा राजपुरीला वेढा चालू असताना वालिदच्या खुनाची खबर आली. तो जुन्नरला परतला आणि वडिलांचा निजाम-उल-मुल्क हा किताब त्याने स्वतः घेतला.

बिदरहून फौजेमागून फौज येत राहिली. शेवटी जहांगीर खान भिंगारजवळ तळ देऊन बसला. पाऊस लागलेला, शिपाई गाफील. मलिक अहमद जेऊरच्या घाटाकडून रातोरात निघाला आणि 28 मे 1490 ला पहाटे तुटून पडला. त्याच जागी त्याने बाग आणि वाडा केला, आणि 1494 मध्ये सीनेकाठी शहर वसवायला घेतलं. 1499 मध्ये दौलताबादही हाती आलं.

पुढे अफगाणिस्तानात असंच घडलं. नादिरशहाचा 1747 मध्ये खून झाला, आणि त्याच्या फौजेतला पंचविशीतला अहमदशहा अब्दाली कंदाहारच्या जिरग्यात बादशहा निवडला गेला. पानिपतामुळे अब्दाली आपल्याकडे घरोघर माहीत, नगरचा अहमद मात्र नाही!

फरिश्ता लिहितो, की शहरातून घोड्यावर जाताना मलिक अहमद डावीउजवीकडे बघत नसे, कुणाच्या बायकामुलींवर नजर पडू नये म्हणून. पण तलवारीच्या द्वंद्वाचा शौक त्यानेच दख्खनमध्ये वाढवला, आणि त्यात कित्येक तरणीताठी पोरं नाहक गेली, हेही तोच लिहितो.

वडिलोपार्जित गावाची ओढ घराण्यात टिकून होती. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार आला, तेव्हा 1518 मध्ये ती लढून घेतली, आणि फरिश्ताच्या सांगण्यानुसार आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम करून दिली.

मलिक अहमदची कबर सीनेजवळच्या बाग रौझ्यात आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा.