शिमग्याआधीची मोजणी

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे मात्र घटले. रत्नागिरीत २००१ साली १६,९६,७७७ माणसं होती. २०११च्या जनगणनेत १६,१५,०६९ भरली.

याच दशकाच्या तोंडावर, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली होती. त्याआधीच्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढलेली. रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात ती उतरली. याचं खापर रेल्वेवर फोडायचं कारण नाही, पण वाट सुधारली की गाव भरतं हा समज इथे टिकत नाही. बोटीच्या आणि नंतर एसटीच्या काळात मुंबईला जायचा तो बहुधा घरातला पुरुष. बायकामुलं आणि शेती गावी, मनिऑर्डर तिकडून. म्हणूनच रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे २००१ साली ११३६ स्त्रिया होत्या. २०११ साली हा आकडा ११२२ झाला. माणसंही घटली आणि स्त्रियांचं प्रमाणही उतरलं, याचा सरळ अर्थ असा की आता बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं निघू लागली होती.

मागे उरलेल्या गावाला वाहतूक मिळते ती डोकी मोजून. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा मूळ निकष सपाटीवर ५०० आणि डोंगरी राज्यांत वा आदिवासी भागात २५० लोकवस्तीचा. कोकणातलं गाव मात्र एका जागी नसतं. गुरववाडी देवळापाशी, बौद्धवाडी पऱ्यापलीकडे, धनगरवाडी वर सड्यावर. कागदावर गाव रस्त्याने जोडलेलं असतं, आणि सड्यावरच्या पंधरा घरांतला आजारी माणूस डोलीतून खाली आणावा लागतो. जनगणनेच्या ग्रामसूचीत जवळच्या बसची नोंद ‘५ किमीच्या आत’, ‘५ ते १०’ आणि ‘१०च्या पुढे’ अशा टप्प्यांत होते. त्या पाच किलोमीटरांत एक घाटी आणि वाहून गेलेला साकव असू शकतो, हे त्या रकान्यात मावत नाही.

अशा गावाचा खरा आधार वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर येते, चालक-वाहक तिथेच मुक्काम करतात, सकाळी तालुक्याकडे सुटते. कॉलेजची मुलं, दवाखान्यात निघालेली म्हातारी, बँकेचं काम असलेला, सगळे तिच्यातच. ती चालू ठेवायची की नाही हे ठरतं भारमानावर, म्हणजे किती आसनं भरली यावर. भारमान कमी म्हणून फेरी बंद झाली की मुलीच्या शिक्षणासाठी तालुक्याला खोली घ्यावी लागते. आई सोबतीला जाते, घराला कुलूप लागतं आणि भारमान आणखी घसरतं. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर.

मोजणीची वेळही पाहण्याजोगी आहे. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. होळी १९ मार्चला होती. पुढची गणनाही १ मार्च २०२७ या तारखेला धरून होणार आहे, म्हणजे पुन्हा शिमग्याच्या तोंडावर. पालखी नाचवायला येणारे चाकरमानी तेव्हा मुंबईतच असतील. नेहमी राहतो तिथे माणूस मोजायचा, या नियमाने ते योग्यच. पण रस्ता, साकव आणि स्थानकावरची रिक्षा यांना गणपतीतलं गावही पेलायचं असतं आणि पावसाळ्यातलं म्हाताऱ्यांचं गावही. या दोन गावांची गरज एका आकड्यात बसत नाही. गणपतीतल्या जादा गाड्यांची तयारी दरवर्षी महिनोन्महिने आधी होते. श्रावणातल्या मंगळवारी तालुक्याला कोणाला जायचं आहे, हे कोणी विचारत नाही. निदान एवढं तरी व्हावं, की फेरी बंद करण्याआधी तिकिटांच्या हिशेबाशेजारी शाळेचा पट आणि उपकेंद्रातली रुग्णनोंद ठेवली जावी. दोन्ही वह्या गावातच आहेत.