तंजावरचा संग्रह : मालकी आणि वाचनाधिकार

जानेवारी १९५५ मध्ये, आज चेन्नईच्या परिसरात मोडणाऱ्या आवडी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. उत्पादनाची प्रमुख साधने समाजाच्या मालकीची वा नियंत्रणाखाली असावीत, असा त्याचा आशय होता. हाच निकष कलेच्या संचिताला लावला, तर केवळ मालकी बदलल्याने ते सर्वांचे होते काय? या प्रश्नाचा विचार करण्यास त्याच प्रांतातील तंजावरचा सरस्वती महाल हे बोलके उदाहरण आहे.

नायक राजांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह दुसऱ्या सर्फोजींनी (१७९८–१८३२) विशेष समृद्ध केला. १८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी पुत्रहीन निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्याबरोबर राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. परंतु हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने त्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत केली. अखेर १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. दरबाराचे संचित अशा रीतीने सार्वजनिक झाले.

तथापि दार उघडले म्हणजे पोथी उघडली असे नव्हे. शहाजी राजांचे (१६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ हे नाटक संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषांत चालते. सर्फोजींच्या ‘देवेंद्र कोरवंजी’त भाषा मराठी, नाट्यप्रकार दाक्षिणात्य आणि विषय जगाचा भूगोल आहे. अशी कृती एकाच भाषेच्या सूचीत नोंदली गेली की इतर भाषांचे अभ्यासक तिला मुकतात. दरबारी दप्तर तर मोडीत आहे. ती लिपी तमिळ वाचकाला परकी आणि आजच्या बहुसंख्य मराठी वाचकालाही अपरिचित आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली, हे या दृष्टीने मोलाचे कार्य होय.

सारांश, अभिलेखागाराचे राजकारण मालकीपाशी संपत नाही. सूची कोण करतो आणि लिपी कोणाला वाचता येते, येथे ते पुढे चालू राहते. हा ठेवा ‘आपला’ म्हणून महाराष्ट्राने नुसता अभिमान बाळगणे पुरेसे नाही. मोडीचे वाचक घडविणे आणि तमिळ व तेलुगू अभ्यासकांसह संयुक्त सूची सिद्ध करणे, हेच या सामायिक धनावरील आपल्या हक्काचे खरे प्रमाण ठरेल.