कुंचला आणि लेथ
सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये साडीवरचं एक फूल छापायला रंगागणिक वेगळी स्क्रीन लागते. एक स्क्रीन केसभर सरकली की पाकळीचा रंग पाकळीबाहेर. चित्र आणि यंत्र एकाच डोक्यात मावणं किती अवघड, हे तिथल्या आपल्या खानदेशी कारागिरांना वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी असं एक डोकं होतं: बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (1890–1954).

चित्रकलेच्या शाळेत न जाता ते तैलचित्रं काढू लागले, चुलत भाऊ आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवू लागले. मग दोघांना सिनेमानं झपाटलं. 1916 मध्ये आनंदराव गेले, पण बाबूराव थांबले नाहीत. कॅमेरा विकत घेणं परवडेना, तर त्यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो स्वतःच घडवला!

हे धाडस केवढं, ते कॅमेऱ्याच्या पोटात डोकावलं की कळतं. फिल्म आत सलग पळत नाही. एक चौकट भिंगामागे येते, क्षणभर थांबते, प्रकाश घेते. लगेच फिरती तबकडी प्रकाश अडवते आणि तेवढ्या अंधारात फिल्म पुढे ओढली जाते. मूकपटाच्या काळी हे सेकंदाला साधारण 16 वेळा व्हायचं, तेही हातानं दांडा फिरवून. दातेरी चाकाचा एक दाता चुकला तरी पडद्यावरचा माणूस थरथरणार. त्यात तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लालभडक शालू पडद्यावर काळाकुट्ट! रंगांत वाढलेल्या माणसाला सगळं जग करड्या छटांत पाहायला शिकावं लागलं.

त्याच कॅमेऱ्यातून 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. पोशाख, देखावे यांची चित्रं ते आधी कागदावर काढत, चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवत. मला सगळ्यांत मोठा वाटतो तो 1925 चा ‘सावकारी पाश’. देवादिकांच्या कथा चालत असताना त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. सिनेमापलीकडे, कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळाही त्यांच्याच हातचा.

त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम 1929 मध्ये बाहेर पडले आणि ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी उभी राहिली. कॅमेरा घडवायला हातभार लावणाऱ्या त्याच दामल्यांनी फत्तेलालांसोबत ‘संत तुकाराम’ (1936) दिग्दर्शित केला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो नावाजला गेला.