कळल्यानंतरचे दिवस

चालू धंदा विकत घेतला आणि पुढे कळले की दाखवलेले आकडे खोटे होते, तर माणसाचा पहिला मोर्चा पोलीस ठाण्याकडे वळतो. दिवाणी वकील मात्र खोटे किती मोठे होते हे विचारण्याआधी भलतेच विचारतो: कळल्यापासून आजपर्यंत तुम्ही काय काय केलंत? सौदा मोडता येईल की नाही, हे बहुतेक वेळा या उत्तरावर ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे लबाडीने किंवा चुकीच्या माहितीने संमती मिळवलेला करार मुळातच शून्य नसतो. तो रद्द करण्याजोगा असतो आणि ती मुभा फक्त फसलेल्याला असते. तो करार कायम ठेवून, सांगितलेली गोष्ट खरी असती तर आपण जिथे असतो तिथे आणून ठेवा, असे म्हणू शकतो. किंवा सौदा मोडून दिलेले परत मागू शकतो. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. माझे म्हणणे असे की फसवणारा खोटे बोलून सौदा घडवतो खरा, पण पुढे त्याला टेकू देतो तो बरेचदा फसलेलाच, आणि तेही नकळत.

समजा, भोसरीतले एक छोटे मशीन शॉप विकले गेले. विक्रेत्याने सांगितले होते की एका वाहन कंपनीची ऑर्डर तीन वर्षांसाठी पक्की आहे. प्रत्यक्षात ती रद्द झाल्याचा ईमेल सह्या होण्याआधीच त्याच्याकडे येऊन पडला होता. घेणाऱ्याला हे सहा महिन्यांनी समजते. तो चिडतो, मग व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘थोडी किंमत कमी करा, बाकी बघून घेऊ.’ उरलेला हप्ता भरतो. जुने लेथ विकून सीएनसीची चौकशी करतो. धंदेवाला माणूस असेच वागणार. कोर्टात मात्र या साऱ्याची एक ओळ लागते आणि स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ चे कलम २७ पुढे येते: वादीने उघडपणे किंवा वागण्यातून कराराला मान्यता दिली असेल, तर न्यायालय तो मोडायला नकार देऊ शकते. इंग्लंडमधला १९५८ चा लाँग विरुद्ध लॉइड हा निकाल या बाबतीत फार बोलका आहे. उत्तम स्थितीतली म्हणून ७५० पौंडांना घेतलेली लॉरी पहिल्याच फेरीत कुरकुरली. डायनॅमो बंद, ऑइल सील गळके, चाकाला तडा. घेणाऱ्याने तक्रार केली, विक्रेत्याने दुरुस्तीचा अर्धा खर्च देऊ केला, याने तो मान्य केला आणि लॉरी माल घेऊन मिडल्सब्रोला धाडली. वाटेत ती बंद पडली. अपील न्यायालय म्हणाले, आता उशीर झाला. दोष कळल्यावरही लॉरी धंद्याला लावली म्हणजे ती स्वीकारली. तिथे माहिती मुद्दाम खोटी दिलेली नव्हती, हे खरे. तरी वागण्याचे माप कसे घेतले जाते ते इथे दिसते.

म्हणून कळल्यानंतरची नोटीस हा या कामातला सर्वांत जपून लिहायचा कागद. करार कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे करार मोडल्याचे समोरच्याला कळवावे लागते. नुसत्या रागाच्या पत्राने भागत नाही. कोणते वाक्य, कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदात सांगितले; ते खोटे का; सांगणाऱ्याला ते ठाऊक होते हे कशावरून; त्यावर विसंबूनच सही केली ती कशी. पुढे दाव्यातही हाच तपशील लागतो, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ ला ‘आमची घोर फसवणूक झाली’ एवढे पुरत नाही. शेवटच्या परिच्छेदात यंत्रांची यादी, शिल्लक माल आणि किल्ल्या परत घ्यायला या, असे कळवायचे. मधल्या काळात कामगारांचा पगार, वीजबिल, जीएसटी थांबवता येत नाही. ते हक्क राखून भरत असल्याचे लिहून ठेवायचे. धंदा सांभाळणे वेगळे, मालक म्हणून तो वाढवणे वेगळे. ही रेघ नेहमीच स्पष्ट नसते, आणि उलटतपासणी तिच्यावरच रेंगाळते.

यावर आक्षेप येतो: फसला तो, मग परत त्याने का करायचे? चोराला वर दक्षिणा कशाला? पण सौदा मोडणे ही शिक्षा नाही. दोघांनाही जवळपास मूळ जागी नेणे एवढाच त्याचा अर्थ, म्हणून कलम ६४ घेतलेला लाभ परत करायला सांगते. झालेल्या नुकसानीची भरपाई कलम ७५ खाली शिवाय मागता येतेच. परत करण्याजोगे काही उरले नसेल, तर भरपाईवरच समाधान मानावे लागते. जपानच्या दाइची सांक्योने २००८ मध्ये रॅनबॅक्सी घेतली, पुढे अमेरिकी औषध नियंत्रकांच्या चौकशीसंबंधीचा महत्त्वाचा अहवाल आपल्यापासून दडवल्याचा आरोप केला. लवादाचा निवाडा २०१६ मध्ये आला, तोवर रॅनबॅक्सी सन फार्मात विलीन झाली होती. सिंगापूरच्या लवादाने जुन्या प्रवर्तकांवर लादली ती २,५६२ कोटी रुपयांची भरपाई. कंपनी उलट जाण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. डोळे झाकून सही करणाऱ्याला कायद्याने का वाचवायचे? कायदा सरसकट वाचवत नाहीच. कलम १९ मधला अपवाद सांगतो की माहिती नुसती चुकीची असेल, किंवा लबाडी केवळ गप्प राहण्याची असेल, आणि साध्या चौकशीने खरे कळण्याची सोय असेल, तर करार मोडता येत नाही. कायद्यातले उदाहरण निळीच्या कारखान्याचे आहे: दरसाल ५०० मण नीळ निघते असा समज करून दिला, घेणाऱ्याने हिशेब तपासले तेव्हा ४०० मण दिसली, तरी त्याने कारखाना घेतला, आता तक्रार नाही. मात्र जाणूनबुजून तोंडाने खोटे सांगितले असेल, तर ‘तुम्ही तपासायला हवे होते’ हा बचाव चालत नाही. मला हा भेद रास्त वाटतो. नाहीतर जो जितका विश्वासू वाटेल, तो तितका निर्धास्त खोटे बोलेल. सीएकडून करून घेतलेल्या तपासणीचा अहवाल दुधारी असतो तो यामुळेच. त्यात ऑर्डर रद्द झाल्याची एक ओळ असेल, तर फसलो असे म्हणायला जागा राहत नाही.

फौजदारी तक्रारीने काम लवकर होते, हा समजही तपासायला हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदवता येतो आणि दबाव येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या खटल्याने करार मोडत नाही, आणि तो चालू आहे म्हणून दिवाणी मुदतही थांबत नाही. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे ज्या गोष्टींमुळे करार मोडता येतो त्या कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. तपासाच्या तारखांत ती सहज निघून जातात. तोवर विक्रेत्याच्या खात्यात काय उरेल हा प्रश्न असतोच. त्यासाठी निकालाआधीच जप्ती मागण्याची सोय आदेश ३८, नियम ५ मध्ये आहे, पण समोरचा मालमत्ता हलवतो आहे हे दाखवावे लागते. ती खबर काढायला वकील अशिलालाच पिटाळतो, कारण विक्रेत्याने नवे गोडाऊन कुणाच्या नावावर घेतले हे बाजारात त्यालाच आधी कळते.